मुलीचं नाव ‘लोपामुद्रा’ ठेवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात मुलगी आली आहे, बारसं तोंडावर आलंय आणि आईवडिलांना ‘लोपामुद्रा’ हे नाव मनापासून आवडलंय. आजींचं म्हणणं असं की ज्या नावाची सुरुवातच ‘लोप’ने होते ते तान्ह्या पोरीला कशाला? शिवाय नाव लांब आहे, ओळखीत कुणाचं नाही आणि नावांच्या याद्यांमध्ये दर ठिकाणी अर्थ निराळा दिलेला. तेव्हा खरा अर्थ कोणता, नाव आलं कुठून आणि ते ठेवावं की नाही?

संस्कृत शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे नावांविषयीची विचारणा मला नवी नाही. माझं मत आधीच सांगते: नाव जरूर ठेवा. मात्र अर्थ पाहून ठेवायचं असेल, तर या नावाला अर्थ कसा चिकटत गेला ते आधी पाहून घ्या.

याद्यांमध्ये ‘अगस्त्य ऋषींची पत्नी’, ‘विदुषी’, ‘सुंदर स्त्री’ असे अर्थ दिलेले असतात. यातला एकही शब्दार्थ नाही. ती त्या व्यक्तीची ओळख आहे. शब्द फोडून अर्थ लावायचा तर परंपरेने निरनिराळे मार्ग काढलेत. सगळ्यांत प्रसिद्ध फोड कथेवर बेतलेली आहे. अगस्त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव घेऊन ही मुलगी घडवली, हरणाचे डोळे हिला मिळाले, आणि त्या त्या प्राण्याची जी खास ‘मुद्रा’ म्हणजे खूण होती तिचा हिच्यापुढे ‘लोप’ झाला, म्हणून लोपामुद्रा. दुसरी फोड पंडिती वळणाची आहे: इतर स्त्रियांच्या रूपाचा अभिमान लोपवते ती ‘लोपा’, आणि तिला पुढे ‘आमुद्रा’ जोडलेलं. दोन्ही वाचायला गोड आहेत, पण दोन्ही नंतरच्या काळात सुचलेल्या आहेत.

असं ठामपणे म्हणायला कारण आहे. हे नाव ऋग्वेदात आहे, आणि तिथे प्राण्यांच्या अवयवांची कथा नावालाही नाही. ‘मुद्रा’ हा शब्द शिक्का किंवा खूण या अर्थाने सुटा असा ऋग्वेदात येतच नाही. तो अर्थ पुढच्या संस्कृतातला. म्हणजे आधी नाव होतं, ते कानाला गूढ वाटलं आणि मग त्याला साजेशी गोष्ट रचली गेली. गंमत म्हणजे अवयवांची कथा जिथे येते त्या महाभारतातही नावाचं कारण दिलेलं नाही. मुलगी जन्मली, राजाला आनंद झाला, ब्राह्मणांनी तिचं नाव लोपामुद्रा ठेवलं, एवढंच तिथे आहे. कारण शोधायचं काम पुढच्यांनी केलं. जुन्या नावांच्या बाबतीत हे नेहमीच घडतं, त्यात खट्टू होण्यासारखं काही नाही. फक्त बारशाच्या पत्रिकेवर ‘लोपामुद्रा म्हणजे…’ असं छापायचा बेत असेल तर तो सोडून द्या. ‘ऋग्वेदातील ऋषिका’ असं छापा. ते शंभर टक्के खरं आहे.

आता ती ऋषिका कोण ते पाहू, कारण या नावाचं सगळं वजन तिच्यात आहे.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १७९वं सूक्त जेमतेम सहा ऋचांचं आहे. त्याच्या आगेमागची, १६५ ते १९१ ही सूक्तं अगस्त्यांच्या नावावर आहेत. या सूक्ताची देवता रती, आणि रचना संवादाची. परंपरेनुसार पहिल्या दोन ऋचा लोपामुद्रेच्या, पुढच्या दोन अगस्त्यांच्या आणि शेवटच्या दोन, हा संवाद कानावर पडलेल्या शिष्याच्या. लोपामुद्रा म्हणते ते मराठीत साधारण असं: कित्येक शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टत आले, एकेक उषा म्हातारपण जवळ आणत गेली, म्हातारपण शरीराची शोभा हिरावून घेतं, तर आता तरी पतीने पत्नीजवळ यावं. पुढे ती सांगते की सत्य पाळणारे, देवांशी बोलणारे पूर्वीचे ऋषीसुद्धा या वाटेने गेलेच होते, त्यांनाही तपाचा शेवट गाठता आला नाही. अगस्त्य आधी म्हणतात की हे श्रम फुकट जात नाहीत, आपण दोघं मिळून झुंज जिंकू. आणि मग त्यांचाही बांध फुटतो. चौथ्या ऋचेत लोपामुद्रेचं नाव प्रत्यक्ष येतं. तिथे अगस्त्य ‘धीर’ आहेत आणि ती ‘अधीरा’. शेवटच्या ऋचेत अगस्त्य कुदळीने खणणारे, संतती आणि बळ इच्छिणारे दिसतात, आणि त्या उग्र ऋषीने दोन्ही ‘वर्ण’ पोसले असं म्हटलंय. हे दोन वर्ण म्हणजे काम आणि तप, असा अर्थ वेदांचे भाष्यकार सायणाचार्य करतात.

हे जरा विस्ताराने लिहिलं, कारण नाव ठेवणाऱ्या आईवडिलांना हे ठाऊक असायला हवं. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की स्वतःच्या नावाचा शोध घेणार, आणि तिला पहिलं सापडेल ते हे सूक्त. पत्नी नवऱ्याकडे स्वतःच्या इच्छेविषयी उघड बोलते, त्याला दाखले देते, वाद घालते आणि जिंकते. हजारो वर्षं हे सूक्त जसंच्या तसं पाठ केलं गेलं, कुणी ते लपवलं नाही की गाळलं नाही. मला या नावाबद्दल आदर आहे तो याच कारणाने. घरात कुणाला याचा संकोच वाटणार असेल, तर तो आत्ताच बोलून मोकळा केलेला बरा.

‘बृहद्देवता’ या ग्रंथात ऋग्वेदातल्या ब्रह्मवादिनींची, म्हणजे ज्यांच्या नावावर मंत्र आहेत अशा स्त्रियांची, यादी आहे, सत्तावीस नावांची. घोषा, गोधा, विश्ववारा, अपाला, यमी, शश्वती यांच्या पंक्तीत लोपामुद्रा आहे. त्यातल्या काही देवता किंवा रूपकं आहेत, नद्यासुद्धा आहेत. माणूस म्हणून ठसठशीत उभ्या राहणाऱ्या थोड्या, आणि त्यात लोपामुद्रा अग्रभागी.

महाभारतातली लोपामुद्रा वनपर्वात भेटते, पांडवांच्या तीर्थयात्रेत लोमश ऋषी ती कथा सांगतात. इथे तुमच्याआमच्यासाठी खास गोष्ट ही की ती विदर्भाची राजकन्या आहे. दमयंती विदर्भाची, रुक्मिणी विदर्भाची, अजाची इंदुमती विदर्भाची. हे आपण कौतुकाने सांगतो आणि लोपामुद्रेला नेमके विसरतो.

अगस्त्यांना आपले पितर एका खड्ड्यात उलटे लोंबकळताना दिसतात. वंश खुंटला तर आमची गत ही, असं ते सांगतात. म्हणून अगस्त्य मुलगी निर्माण करतात आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाच्या घरी ती जन्माला येते. ती उपवर होते, रूप-गुणांची ख्याती होते, पण अगस्त्यांच्या धाकाने कुणी मागणी घालत नाही. शेवटी ते स्वतःच येतात. राजा-राणी हबकतात: नाही म्हणावं तर शापाची भीती, हो म्हणावं तर लेक रानात जाणार. तेव्हा मुलगी आपणहून म्हणते, बाबा, माझ्यासाठी दुःखी होऊ नका, मला त्यांना द्या आणि स्वतःला वाचवा. लग्नानंतर नवरा म्हणतो, ही भारी वस्त्रं आणि दागिने टाक. ती टाकते, वल्कलं नेसते आणि गंगाद्वारी, म्हणजे आजच्या हरिद्वारला, त्याच्या बरोबरीने तप करते.

इथवर ती कुठल्याही पुराणातली आज्ञाधारक पत्नी वाटते. खरी लोपामुद्रा यापुढे आहे. अगस्त्य जेव्हा संततीसाठी तिला जवळ बोलावतात, तेव्हा ती हात जोडून, लाजत, पण स्पष्ट सांगते: माहेरच्या महालात माझी जशी शय्या होती तशा शय्येवर, अलंकार घालून मी तुमच्याजवळ येईन, ही वल्कलं नेसून येणार नाही. अगस्त्य म्हणतात, तुझ्या वडिलांकडे होतं तेवढं धन माझ्याजवळ कुठलं? ती म्हणते, तपाच्या बळावर तुम्ही काहीही आणू शकता. ते म्हणतात, त्याने माझं तप खर्ची पडेल, दुसरा उपाय सांग. ती म्हणते, तुमचा धर्म बुडावा अशी माझी इच्छा नाही, पण माझी अट हीच.

मग ऋषी महाराज धन मागायला निघतात. आधी श्रुतर्वा, मग ब्रध्नश्व, मग त्रसदस्यू. प्रत्येक राजा जमाखर्च पुढे मांडतो आणि प्रत्येकाचा जमाखर्च बरोबर जुळतो, शिल्लक शून्य! यातून काही घेतलं तर प्रजेला त्रास होईल, म्हणून अगस्त्य एक कवडी घेत नाहीत. अर्थसंकल्प मांडणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा वाचायला हरकत नाही. शेवटी सगळे मिळून मणिमती नगरीत इल्वल नावाच्या श्रीमंत असुराकडे जातात. भावाला, वातापीला, मेंढा करून जेवू घालायचं आणि मग हाक मारून पाहुण्याचं पोट फाडून बाहेर काढायचं, ही त्या भावांची युक्ती. अगस्त्य वातापीला पचवून टाकतात. ही गोष्ट आपल्या सगळ्यांना लहानपणापासून माहीत असते. पण अगस्त्य तिथे गेले ते बायकोची मागणी पुरी करायला, हे सांगायचं बहुतेक आजीआजोबा विसरतात.

धन येतं. मग अगस्त्य विचारतात, तुला हजार मुलगे हवेत, की दहांच्या तोडीचा एकेक असे शंभर, की शंभरांच्या तोडीचे दहा, की हजारांना जिंकणारा एकच? ती म्हणते, एकच द्या, पण विद्वान आणि चांगला. त्याचं नाव दृढस्यू. वडिलांसाठी समिधांचा भार वाहून आणायचा म्हणून इध्मवाह हेही नाव.

यानंतर परंपरेने तिला कुठे बसवलं ते बघा, म्हणजे आजींच्या शंकेचं उत्तर मिळेल. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात राक्षसिणींच्या गराड्यात बसलेली सीता आपली निष्ठा सांगताना अरुंधती, रोहिणी, सुकन्या यांच्याबरोबर लोपामुद्रेचं नाव घेते. विराटपर्वात भीम द्रौपदीला धीर देताना तिचा दाखला देतो. ललितासहस्रनामात देवीचं एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ आहे, म्हणजे लोपामुद्रेने जिची पूजा केली ती. श्रीविद्येच्या, म्हणजे ललितादेवीच्या, उपासनेत पंचदशी या पंधरा अक्षरी मंत्राच्या ज्या मुख्य परंपरा आहेत त्यातली ‘हादी’ विद्या लोपामुद्रेच्या नावाने ओळखली जाते. मंत्राची परंपराच एका स्त्रीच्या नावाने चालावी हा मान थोडक्या जणींना मिळालाय. कर्नाटकात कोडगूकडे गेलात तर तलकावेरीच्या कथेत हीच लोपामुद्रा अगस्त्यांच्या कमंडलूतून कावेरी होऊन वाहते.

आजी जर ललितासहस्रनाम म्हणत असतील तर त्या हे ‘अशुभ’ नाव आधीपासूनच तोंडाने घेत आलेल्या आहेत. हे त्यांना हळूच दाखवून द्या. वाद घालण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

‘लोप’ या शब्दाचा धसका आपण आजच्या मराठीवरून घेतो. पाणिनीची व्याख्या ‘अदर्शनं लोपः’ अशी आहे: न दिसणं म्हणजे लोप. आणि पाणिनीचंच पुढे आणखी एक सूत्र सांगतं की प्रत्यय लोपला तरी त्याचं कार्य उरतं. व्याकरणातला लोप म्हणजे नाश नव्हे, हे संस्कृतच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी घोकावं लागतं. त्यातून आपल्याकडे मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू अशी नावं मुद्दाम ठेवायची पद्धत होती, आणि ती माणसं म्हातारी होईतो जगली. नावाने मुलीला इजा झाल्याचं खरं उदाहरण हवं असेल तर ‘नकुशा’ घ्या. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात या नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. तिथे दोष अक्षरांचा नव्हता, नाव ठेवताना मनात जे होतं त्याचा होता.

नाव किती चालतं, हा प्रश्न उरला. महाराष्ट्रात फारच कमी. गार्गी, मैत्रेयी, अरुंधती, अनसूया ही नावं मराठी घरांत रुळली. लोपामुद्रा रुळली नाही. कारणं उघड आहेत. इतर चौघींच्या कथा शाळेत, कीर्तनात सांगता येतात. लोपामुद्रेचं मूळ सूक्त सांगताना सांगणारा अडखळतो. त्यात ‘लोप’ची धास्ती. बंगाल आणि ओडिशात मात्र हे नाव तितकं अनोळखी नाही; बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र ठाऊक असतील. आणि आपल्याकडचं नाव म्हणाल तर मॉडेल लोपामुद्रा राऊत नागपूरची. विदर्भाच्या राजकन्येचं नाव विदर्भातल्या मुलीला, हा योग मला फार आवडतो. मुलांसाठी ‘अगस्त्य’ हे नाव अलीकडे बऱ्यापैकी कानावर येतं, तेव्हा लोपामुद्रेलाही बरे दिवस येतील असा माझा होरा आहे. दुर्मीळ आणि विचित्र यात फरक असतो. वैदिक नावांमध्येच पाहा: ‘रोमशा’ (म्हणजे केसाळ) आज ठेवली तर मुलीला शब्दार्थाचा जाच होईल, ‘अपाला’ गोड आहे पण तिची कथा त्वचारोगाची. लोपामुद्रेच्या बाबतीत मुलीला मान खाली घालायला लावील असं काही नाही.

लांबीची तक्रार मला पटत नाही. लो-पा-मु-द्रा, चार अक्षरं. अरुंधतीचीही चारच. घरात लोपा किंवा मुद्रा होणारच, आणि ‘मुद्रा’ तर आता स्वतंत्र नाव म्हणूनही ठेवतात. शाळेत पैशांवरून एखादी कोटी होईल, ती कुठल्या नावावर होत नाही?

खरी काळजी वेगळीच आहे. मराठी माणसं घाईत ‘लोपमुद्रा’ म्हणतात आणि तसंच लिहितात. ‘पा’चा काना गेला की नाव गेलं. पहिल्या दिवसापासून काना पक्का करा, पाळण्यावरच्या नावापासून शाळेच्या वहीपर्यंत. आणखी एक बारीक गोष्ट: ऋषिकेबद्दल बोलताना ‘लोपामुद्रेने’ म्हणावं, पण तुमच्या मुलीबद्दल ‘लोपामुद्राने’ म्हटलंत तरी चालेल. आपण सीतेला म्हणतो आणि सीमाला म्हणतो, तसंच हे.

पत्रिका पाहणाऱ्यांसाठी: ‘लो’ हे अक्षर भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं, रास मेष. मुलीचं नक्षत्र वेगळं असेल तर अडून बसायचं कारण नाही. नक्षत्रावरून येणारं नावरस नाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं, ही सोय आपल्या पूर्वजांनीच करून ठेवली आहे. बारशाला कानात नावरस नाव सांगा आणि मग हे नाव ठेवा.

जन्मदाखल्याची घाई असेल तर तीही नको. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ नुसार मुलाची नोंद नावाशिवाय होऊ शकते आणि नाव नंतर भरता येतं. महाराष्ट्रात पहिल्या वर्षभरात ते विनाशुल्क होतं, पुढे विलंब शुल्क भरावं लागतं. पण एकदा घातलेलं नाव बदलणं कटकटीचं आहे, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट या सगळ्याला हाच दाखला जन्माचा पुरावा आहे. म्हणून रोमन लिपीतलं स्पेलिंग आधी घरात ठरवून कागदावर लिहा. साधं स्पेलिंग नऊ अक्षरांचं होतं. ‘पा’साठी दोन ‘ए’ घालायचा मोह काहींना होतो. माझा सल्ला, एकच ठेवा, कारण दोन ‘ए’चं स्पेलिंग पुढे कुठल्या ना कुठल्या अर्जात कुणीतरी एकाचं करणारच. दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी मराठी नाव वाचून बघा, काना जागेवर आहे ना ते.